पहिली मूठ आईची

न्यालबो, होमा बे
१२ जानेवारी १९९७

प्रिय पेरेस,

शुक्रवारी सकाळी प्रार्थना आटोपल्यावर मी आईचे घर उघडले. नाताळनंतर तू तिला डोळे दाखवायला नाकुरूला घेऊन गेलीस तेव्हापासून दाराला कुलूपच होते. आत कोंदट वास भरला होता. खिडकीची फळी ढकलली, चुलीतली राख काढली, मागच्या भिंतीवर वाळवी चढू लागली होती ती खरवडून काढली. मग उंबऱ्यावर जरा टेकलो. बाबांच्या खुर्चीत बसवेना.

तेवढ्यात काका ओबुरा काठी टेकत आले. आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "तुझी आई डोळे दाखवायला गेली आहे की विकायला? इतके दिवस लागतात होय?"

मी म्हणालो, "चष्मा करायला टाकलाय, काका."

"चष्मा होईल तेव्हा होईल. माझा कोट तयार आहे. तुझ्या काकूने धुऊन वाळवलाय. भावाला जाऊन वर्ष झालं, आता कशाला ताटकळायचं? रीतीप्रमाणे विधवेला दिराने बायको म्हणून सांभाळायचं, पण माझ्यासारखा लंगडा म्हातारा तिच्या घरात येऊन काय करणार आहे? माझ्याऐवजी एक रात्र खुंटीवर कोट टांगायचा, सकाळी घेऊन जायचा. मग ती शेतात पहिली मूठ टाकील, तिच्यामागून तू, तुझ्यामागून धाकटा हेझ्रॉन. माझा कोट काही तिला खात नाही. त्याचे तर खिसेसुद्धा फाटलेत."

मी हसलो. तेही हसले. पण जाताना काठी दाराच्या चौकटीवर टेकवून म्हणाले, "विधवेचं घर असंच ठेवून पेरणी केली की दोष लागतो, झाब्लोन. आणि तो म्हाताऱ्यांना लागत नाही. लेकरांना लागतो."

तुला आठवत असेल, बाबांना वर्ष झाले तेव्हाच्या बैठकीत काकांनी हा विषय काढला तेव्हा आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितले की तिला अंधुक दिसते. बिचारी सगळे वर्ष अंगावर काढत होती.

फेब्रुवारी सरता सरता पाऊस येईल. त्याआधी तिला पाठव. तुझ्या मिल्कावहिनीने बियाणे निवडून ठेवले आहे. आकोथ रोज आजीबद्दल विचारते. देव तुम्हा दोघींना सांभाळो.

तुझा भाऊ,
झाब्लोन

●

नाकुरू
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय दादा,

आईचे डोळे ठीक आहेत. चष्मा मिळाला, पण तो ती फक्त सोंगट्या खेळताना लावते. हो, सोंगट्या. आमच्या इमारतीचा राखणदार गच्चीवर सोडा-बाटल्यांच्या झाकणांनी खेळत बसतो. पहिले काही दिवस आई लांबून बघत होती. एकदा म्हणाली, "तुझं ते झाकण मरणार." तो म्हणाला, "आजी, हा पुरुषांचा खेळ आहे." आई म्हणाली, "म्हणूनच हरतोयस." आता रोज दुपारी डाव असतो आणि राखणदाराने मला विचारलं की तुमच्या आईला परत गावी कधी जायचंय.

शेजारच्या न्योकाबीकडून ती लोकरीचं विणकाम शिकतेय. पहिली टोपी इतकी मोठी झाली की आम्ही ती पाण्याच्या मडक्याला घातली. आणि चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग भरतो, तिथे संध्याकाळी जाते. 'त' छान काढते. तिच्या नावातला, त्रुफेनाचा त.

पण खरी गंमत पुढेच आहे. गावाहून येताना तिने रुमालाच्या गाठीत बी बांधून आणलं होतं. तिळवण, माठ, चवळी. मला पत्ताच नाही. एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर रंगाचे रिकामे डबे, साखरेची फाटकी पोती, माझी फुटकी परात, सगळं मातीने भरून ओळीत मांडलेलं. माती कुठून आणली विचारलं तर म्हणे, रस्त्याचं खोदकाम चाललंय, तिथे फुकट होती. राखणदाराने वर वाहून दिली. डावात हरला होता. न्योकाबीने सुकुमाच्या पालेभाजीची रोपं दिली, तीही लावली. भांडी विसळलेलं पाणी आता आमच्या घरात कोणी फेकत नाही. परवा तिच्या तिळवणीची भाजी दूध घालून रात्रभर मुरवली आणि सकाळी मक्याच्या उगालीबरोबर खाल्ली. दादा, मला एकदम अंगण आठवलं.

ती परत येण्याचं काही बोलत नाही. मीही विचारत नाही. माझं लग्न झालं असतं तर तिला जावयाच्या घरी राहता आलं नसतं. माझ्या बिनलग्नाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.

आकोथला पापा.

तुझी,
पेरेस

●

न्यालबो
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय पेरेस,

तुझे पत्र मी मिल्काला वाचून दाखवले. सोंगट्यांपाशी ती हसली. डब्यांपाशी आल्यावर तिच्या हातातले सूप थांबले. "आईंनी तिकडे पेरलं?" तिने विचारले. मग तिची नजर आकोथच्या खाटेकडे गेली.

आकोथ पाच दिवसांपासून तापाने फणफणते आहे. दवाखान्यात नेऊन आणले, गोळ्या चालू आहेत. कालपासून खोकलाही आहे. मिल्काने दिवसांचा मेळ घातला आहे. आईने तिकडे पेरले, मग आकोथ पडली. मी तिला म्हणालो, हा हिवताप आहे, डास चावल्याने येतो. ती म्हणाली, "डास तर सगळ्यांनाच चावले."

पेरेस, तू गावापासून लांब राहतेस, तुला हे बालिश वाटेल. मी मंडळीत पाठ वाचतो, दर शनिवारी शब्बाथला लोकांना सांगतो की भिऊ नका. प्रार्थना करताना मी या दोषावर विश्वास ठेवत नाही. मूल खोकले की ठेवतो.

मी रात्रंदिवस विचार केला. आईने स्वतःच्या हाताने दुसऱ्या ठिकाणी पेरले याचा अर्थ इथले लोक एकच काढतील: तिने दुसरे घर मांडले, हे सोडले. तेही इथले घर तसेच ठेवून, रीत मोडून. मलाही मनातून तसेच वाटले आणि वाईट वाटले. तिला आमचा एवढा कंटाळा आला असेल तर सांगायचे होते.

काका काल पुन्हा आले. म्हणाले, "ती येत नसेल तर राहू दे. कोट घराला दाखवायचा असतो, बाईला नाही. किल्ली तुझ्याजवळ आहे ना? एक रात्र दे. तिला कळवायचीही गरज नाही. सकाळी तू मोकळा, हेझ्रॉन मोकळा, तुझ्या बायकोच्या जिवाला घोर नाही." मी किल्ली दिलेली नाही. नाहीही म्हटलेले नाही. विचार करतो म्हणालो. आजूबाजूला सगळ्यांनी जमीन खणून ठेवली आहे. आमच्या घरातली बारा तोंडे या एका पेरणीवर आहेत, तुला माहीत आहे.

किल्लीचे काय करू ते मला कळव. आणि एक विनंती. आईला सांग, हे मिटेपर्यंत ती रोपे काढून टाक. आकोथसाठी. पाऊस झाल्यावर तिने इथे येऊन हवे तेवढे लावावे.

झाब्लोन

●

नाकुरू
२५ फेब्रुवारी १९९७

दादा,

तुझी पत्रं मी आईला नेहमी मोठ्याने वाचून दाखवते. हेही दाखवलं. मध्येच मी थांबले तर ती म्हणाली, "पुढे वाच." शेवटपर्यंत वाचलं. ती उठली आणि जिना चढून वर गेली.

मला वाटलं हवेला गेली असेल. दिवस मावळायला मी वर गेले तेव्हा सगळे डबे रिकामे होते. पोत्यांतली माठाची रोपं मुळासकट काढून, माती झटकून, एका कडेला जुडी बांधून ठेवली होती. चवळीला नुकतीच फुलं आली होती. न्योकाबी कपडे काढायला आली होती, तिने विचारलं, "काय झालं, कीड लागली का?"

आई म्हणाली, "नाही. नात आजारी आहे."

न्योकाबीला काही कळलं नाही. तरी ती आईबरोबर डबे उचलू लागली.

त्या दिवसापासून आई सोंगट्या खेळायला गेलेली नाही. राखणदार दोनदा दारात येऊन गेला. फक्त वर्गाला जाते. काल तिने बाईंना 'खुंटी' कसं लिहायचं ते विचारलं.

किल्लीबद्दल मला विचारू नकोस. ते घर माझं नाही. तुझंही नाही.

आकोथ कशी आहे ते लगेच कळव.

पेरेस

●

नाकुरू
५ मार्च १९९७

झाब्लोन बाळा,

हे मी लिहिते आहे. चार दिवस लागले. अडलं तिथे पेरेसने शब्द सांगितला. बाकी माझं आहे.

आकोथचा ताप उतरला का? आधी ते कळव.

मी रोपं उपटली. माझ्या तिळवणीने तिला ताप आला असं मला वाटत नाही. पण माझं वाटणं चुकलं असतं तर ते तिला भोगावं लागलं असतं. म्हणून उपटली. तुझ्यावर राग नाही. उपटताना मात्र रडले.

माझे डोळे चांगले होते. तुला खोटं सांगितलं. मला त्या कोटापासून लांब जायचं होतं आणि बैठकीत नाही म्हणायची हिंमत नव्हती. सगळे पुरुष बसले होते. तूही होतास. तू खाली बघत होतास.

ओबुरा वाईट माणूस नाही. तुझ्या बाबांच्या आजारपणात त्याने पाठीवरून पाणी आणलं. त्याची बायको माझी मैत्रीण आहे. पण त्या खुंटीवर मी एका माणसाचा कोट अडकवत आले. पावसात भिजलेला, चर्चमधून आलेला, शेवटी तर नुसता हाडांवर लोंबणारा. एक रात्र दुसरा कोट टांगला की लोक म्हणतील, हे घर आता ओबुराचं. सकाळी कोट जाईल. बोलणं जाणार नाही. आणि मला कुणी विचारलं नाही. तुम्ही सगळ्यांनी कोटाला विचारलं, घराला विचारलं, पावसाला विचारलं.

आता गच्चीचं सांगते. सून होऊन आले तेव्हा मी सासूच्या मागून पेरायची. सासू गेली, मग पहिली मूठ माझी. लोक म्हणायचे, केवढा मान. पण दिवस तुझे बाबा सांगायचे आणि शेत ओळीने वाटलेलं असायचं. मी कधी मनात आलं म्हणून बी टाकलं नाही. इथे पहिल्या डब्यात बी टाकायला गेले तर हात थांबला. कुणाला विचारायचं म्हणून मी मागे बघितलं. दोरीवर कपडे वाळत होते. मग मी टाकलं. चार दिवसांत वर आलं. मी त्याच्याकडे खूप वेळ बघत बसले. मी दुसरं घर मांडलं नव्हतं रे. मला नुसतं लावून बघायचं होतं.

किल्ली तुझ्याजवळ आहे. मी नको म्हणते आहे. हे तोंडी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं, कुणी नाही, म्हणून लिहिलं. तू किल्ली दिलीस तर तुला शिव्याशाप देणार नाही, तू माझा मुलगा आहेस. पण त्या घरात मी पुन्हा झोपणार नाही.

पेरणीचं काय करायचं ते मी सांगणार नाही. लेकरं तुझी आहेत, शेत तुझ्या हातात आहे. माझं मी ठरवलं, तुझं तू ठरव.

मिल्काला सांग, तिला भीती वाटते यात तिची चूक नाही. दोष कुणालाही लागला तरी नाव सुनेचंच घेतात. मीही सून होते.

तुझी आई,
त्रुफेना

●

न्यालबो
१८ मार्च १९९७

प्रिय आई,

आकोथचा ताप उतरला. खोकला अजून आहे, पण काल तिने दोनदा मागून खाल्ले.

तुझे पत्र मी आधी एकट्याने वाचले. तुझे अक्षर मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. मग मिल्काला वाचून दाखवले. तिच्या नावापाशी आल्यावर तिने डोळे पुसले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले.

नऊ तारखेला पाऊस आला. तीन दिवस चांगला पडला. शेजारच्यांनी पेरले. हेझ्रॉन रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा, माझ्या शेताकडे बघायचा आणि परत जायचा. माझ्याआधी त्यालाही पेरता येत नव्हते. शब्बाथला मी मंडळीत पाठ वाचायला उभा राहिलो आणि 'भिऊ नका' यापाशी पुस्तक मिटून खाली बसलो. लोकांना वाटले घसा बसला आहे.

रविवारी मी काकांकडे गेलो. ते अंगणात जाळे शिवत बसले होते. मी उभ्यानेच सांगितले, "काका, किल्ली देत नाही. आई नको म्हणते."

"कुठं म्हणाली? बैठकीत तर गप्प होती."

"लिहून पाठवलंय."

"लिहून?" त्यांनी सुई थांबवली. "त्रुफेनानं?"

"स्वतःच्या हातानं."

त्यांनी जाळ्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मग पेरणार कसा? पहिली मूठ कुणाची?"

"माझी."

"आई जिवंत असताना?"

"हो."

"तुझ्या बापानं असं केलं नसतं."

"नसतं केलं."

"आणि पोरीला काही झालं तर?"

"तर माझ्या दारात येऊन माझं नाव घ्या. मिल्काचं घेऊ नका. ती घरातच बसेल, बियाणाला हातसुद्धा लावणार नाही. सगळ्यांना दिसेल असं मी एकटा पेरणार आहे. म्हणून सांगायला आलो."

काकू दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बरं झालं बाई. तो कोट धुऊन धुऊन माझे हात गेले."

"तू गप्प बस," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांना लागले होते, आई, ते मला दिसले. भावाच्या घरासाठी आपण काही करतो आहोत असे त्यांना खरोखरच वाटत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी पाठीमागून विचारले, "ती तिकडे सोंगट्या खेळते म्हणे. जिंकते का?"

"जिंकते."

"भाऊ तिला पटाशेजारी बसूसुद्धा द्यायचा नाही," ते म्हणाले. आणि मग, "मी तुझ्या शेतात पाय ठेवणार नाही, झाब्लोन. हे मनात ठेव."

मी ठेवले आहे. पुढे कोणाच्या मरणाला, कोणाच्या लग्नाला ते आमच्याकडे येतील की नाही, मला माहीत नाही.

आई, मी तुला ती रोपे उपटायला लावायला नको होती. बसच्या ड्रायव्हरजवळ या पत्राबरोबर एक पुडी दिली आहे. त्यात तिळवण, माठ आणि मिल्काने स्वतः निवडलेली चवळी आहे. डब्यांत माती अजून असेल. तुला वाटेल तेव्हा लाव, न वाटले तर लावू नकोस. परत कधी यायचे, यायचे की नाही, हे मी पुन्हा विचारणार नाही. तुझ्या घराची वाळवी मी काढत राहीन.

आज सकाळी उजाडल्यावर मी आकोथच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग अंगणात गुडघे टेकले. देवाकडे परवानगी मागितली नाही, सोबत मागितली. टोपली घेतली, खुरपे घेतले आणि शेतात गेलो. पुरुषाने एकट्याने पेरलेले या भागात कोणी पाहिले नसावे. बांधावर हेझ्रॉन उभा होता, रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकाही थांबल्या. पहिल्या खड्ड्यात तीन दाणे पडायचे ते सात पडले.

पहिली ओळ संपवून वळलो तर मिल्का आकोथला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. मी म्हणालो, "घरात बस म्हटलं होतं ना?"

"बसलेच होते. खिडकीतून बघवेना. मक्याला कुणी इतकं लांब लांब टाकतं का? मधून बैल जाईल."

तिने आकोथला हेझ्रॉनजवळ दिले आणि माझ्यामागून ओळीत आली. टोपलीला हात लावला नाही. मी दाणे टाकायचो आणि ती मागून पायाने खड्ड्यावर माती लोटायची, टाचेने दाबायची. रस्त्यावरच्या एका बाईने विचारले, "मिल्का, तू पेरतेस की काय?"

"मी कुठं पेरते?" मिल्का म्हणाली. "मी माती लोटते."

ऊन तापायच्या आत आमचे शेत पेरून झाले. आता हेझ्रॉन पेरतो आहे.

तुझा,
झाब्लोन